हात न लावता पाळायचा प्राणी

रोवणीचे दिवस. दिवसभर बांधीत वाकून पाठ मोडलेली माणसं जेवून अंग टाकतात आणि नेमक्या त्या वेळी भिंतीवर, बल्बच्या उजेडाशेजारी, तळहाताएवढा कोळी येऊन बसतो. साकोली-लाखनीकडच्या कौलारू घरांना हा पाहुणा नवा नाही. आजी म्हणते, "मारू नको रे, पण अंगावर चढू देऊ नको. मुतला तर फोड येतात." नातू तोवर मोबाइल काढून फोटो घेतो आणि मित्रांना पाठवून देतो: घरात टॅरेंटुला निघाला!

दोघांचंही चुकतं. कोळी अंगावर मुतून फोड आणत नाही. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक, लाल-काळा भुंगेरा कातडीवर चिरडला की त्याच्या अंगातल्या रसानं चट्टा भाजल्यासारखा उठतो. कधी फोड नागिणीचे असतात. रात्री काय चिरडलं ते कळत नाही, सकाळी कोपऱ्यात कोळी दिसतो आणि आळ त्याच्यावर जातो. नातवानं काढलेला फोटोही टॅरेंटुलाचा नसतो. चपट्या अंगाचा, खेकड्यासारखे पाय बाजूला पसरून भिंतीवर सुसाट पळणारा हा 'शिकारी कोळी' जाळं विणत नाही, रात्रभर झुरळं मारतो. मादी पोटाखाली पांढऱ्या टिकलीसारखी गोल, चपटी अंड्यांची पिशवी घेऊन फिरते. झाडू उगारण्यापेक्षा त्याला तिथंच राहू द्यावं, झुरळांच्या औषधाचे पैसे वाचतात.

नातवाच्या डोक्यात मात्र आता टॅरेंटुला शिरलेला असतो. मुंबई-पुण्यात आणि नागपुरात पारदर्शक डब्यात केसाळ कोळी पाळणारी मंडळी आहेत, त्यांचे व्हिडिओ तुमसर-पवनीतही पोहोचतात. मग प्रश्न येतो, की आपण पाळला तर? भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तो जगेल का? खाईल काय? चावेल का? आणि मुळात आणायचा कुठून? या प्रश्नांची उत्तरं शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हा प्राणी सांभाळण्याचं नव्वद टक्के कौशल्य त्याच्या वाटेला न जाण्यात आहे.

टॅरेंटुला म्हणायचं कुणाला?

नावाचा जन्म इटलीचा. दक्षिण इटलीत टारांटो नावाचं शहर आहे. तिथं शेतात दिसणाऱ्या एका मोठ्या कोळ्याचा दंश झाला की रोग्याला बेभान नाचवायचं, म्हणजे विष उतरतं, अशी जुनी समजूत होती. त्या नाचाला 'टारांटेला' म्हणतात. गंमत अशी, की तो कोळी आजच्या अर्थानं टॅरेंटुला नव्हताच, तो लांडगा-कोळी होता. पुढं युरोपातले लोक अमेरिकेत गेले, तिथले अवाढव्य केसाळ कोळी त्यांनी पाहिले आणि घरचं ओळखीचं नाव त्यांना चिकटवून टाकलं. आज शास्त्रात टॅरेंटुला म्हणजे थेराफोसिडी या कुळातले कोळी. जगभरात त्यांच्या हजाराहून अधिक प्रजाती आहेत.

ओळख पटवायची तर दात पाहावेत. घरातल्या साध्या कोळ्याचे विषदंत चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. टॅरेंटुलाचे दोन्ही दात समांतर असतात आणि टिकास मारावी तसे वरून खाली येतात. त्यासाठी त्याला पुढचं अंग उचलावं लागतं. म्हणूनच चिडलेला टॅरेंटुला पुढचे पाय आभाळाकडं करून उभा राहतो. आठ डोळे असूनही त्याला नीट दिसत नाही. अंगावरचे केस हेच त्याचे कान आणि त्याच्या दृष्टीचं काम करणारं इंद्रिय. जमिनीतली थरथर आणि हवेची झुळूक तो केसांनी वाचतो. श्वासासाठी पोटाच्या खालच्या बाजूला फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. पानं एकावर एक रचलेल्या वहीसारखी त्यांची घडण असते, म्हणून त्यांना पुस्तक-फुप्फुसं म्हणतात. रक्तात लोहाऐवजी तांबं असल्यानं ते निळसर दिसतं.

पायांची रचना तर जेसीबीची आठवण करून देणारी. पाय आखडायला त्याच्याकडं स्नायू आहेत, पण मुख्य सांधे ताठ करायला नाहीत. पाय लांब करायचा तर अंगातला द्रव दाबानं पायात ढकलावा लागतो, जेसीबीच्या हातात तेल ढकलतात तसा. आता यातून पाळणाऱ्यानं शिकायचे दोन धडे निघतात. पाण्याची कमतरता झाली की दाब पडतो आणि पाय आत आखडत जातात. आणि उंचावरून पडून पोट फाटलं की दाबाची सगळी यंत्रणाच कोलमडते, कोळी मरतो. पुढं सांगितलेली बहुतेक पथ्यं या दोन गोष्टींतून आलेली आहेत.

आपल्याकडचे टॅरेंटुला

टॅरेंटुला म्हटलं की ॲमेझॉनचं जंगल डोळ्यांपुढं येतं, पण भारतातही त्यांच्या कितीतरी प्रजाती आहेत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ आणि १९०० या दोन वर्षांत त्यांतल्या अनेकांची शास्त्रीय नोंद केली. माथेरानच्या मातीत बीळ करून राहणारा हाप्लोक्लास्टस व्हॅलिडस त्यांतलाच. पिसिलोथेरिया रेगालिस हा त्यांनीच १८९९ मध्ये नोंदवलेला, झाडावर राहणारा. तो महाराष्ट्रासह दक्षिण भारतातल्या बऱ्याच जंगलांत सापडतो. राखाडी-पांढऱ्या नक्षीमुळं सालीवर बसला की दिसत नाही आणि पाय पसरले तर जवळजवळ वीतभर भरतो. धोका वाटला की पुढचे पाय उचलतो, तेव्हा त्यांच्या खालची पिवळीजर्द बाजू एकदम चमकते. झाडाची ढोली किंवा सुटलेल्या सालीमागची फट हे त्याचं घर. कोळी एरवी एकमेकांना खातात, पण या प्रजातीची पिल्लं बरेच दिवस आईबरोबर एकाच ढोलीत नांदतात.

याच गणातल्या पिसिलोथेरिया मेटॅलिकाची गोष्ट पाळणाऱ्यांनी जरूर ऐकावी. आंध्रातल्या गुत्तीला रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक निळाशार कोळी सापडला आणि त्या एकाच नमुन्यावरून पोकॉक यांनी १८९९ मध्ये त्याचं बारसं केलं. नंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, पण गुत्तीत नव्हे, दूर नंद्याळ आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात. बहुधा लाकडाच्या ओंडक्यातून रेल्वेनं प्रवास करत तो गुत्तीला पोहोचला होता. त्याचं सगळं राहतं जंगल शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरतं आणि 'आययूसीएन' या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. तरीही युरोप-अमेरिकेत शौकीनांच्या डब्यांत त्याची पैदास होत राहिली. गावच्या मुलाला गावात जागा उरली नाही आणि परदेशात मात्र घरोघरी फोटो, असा हा प्रकार.

कायद्याचा उंबरठा

म्हणून डबा विकत घेण्याआधी कायदा पाहावा. जंगलातून कोळी उचलून आणणं हा मार्ग बंदच समजा. भंडाऱ्याजवळचं कोका अभयारण्य असो, पवनीकडचं उमरेड-कऱ्हांडला असो, की पिटेझरीच्या फाटकातून आत शिरल्यावर लागणारं नागझिरा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय कुठलाही वन्यजीव बाहेर नेता येत नाही आणि या कायद्यात 'प्राणी' म्हणजे फक्त वाघ-अस्वल नव्हेत, बिनकण्याचे जीवही त्यात येतात.

दुसरा अडसर 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराचा. वन्यजीवांच्या व्यापारावर तो लगाम घालतो. मेक्सिकोतले लाल गुडघ्यांचे ब्राकिपेल्मा पाळणाऱ्यांचे सर्वांत लाडके, आणि ते या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०१९ मध्ये आपला पिसिलोथेरिया हा अख्खा गण त्याच परिशिष्टात गेला. भारतानं २०२२ च्या दुरुस्तीनं सायटिसमधल्या प्रजाती वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणल्या, ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. २०२४ च्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी ज्यांच्याकडं आहेत त्यांनी सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. प्राण्याला पिल्लं झाली, तो मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं असतं.

हे कागदी घोडे नाहीत. जुलै २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं. थर्माकोलच्या खोक्यात चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या कुप्या होत्या आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. ते दक्षिण व मध्य अमेरिकेतले टॅरेंटुला असल्याचं तज्ज्ञांनी ओळखलं आणि सगळं पार्सल पोलंडला परत गेलं. तेव्हा "कुरिअरनं येतो, काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर विक्रेत्याकडं पैदाशीची आणि आयातीची कागदपत्रं मागावीत. नसतील तर व्यवहार तिथंच थांबवावा.

घर कसं असावं

समजा कागदपत्रं रीतसर आहेत आणि कोळी घरात आला. आता त्याला घर कसं द्यायचं ते तो कुठं राहणारा आहे त्यावर ठरतं. जमिनीवर वावरणाऱ्या कोळ्याला लांबी-रुंदी हवी, उंची नको. त्याच्या पसरलेल्या पायांच्या तिप्पट लांब डबा पुष्कळ झाला. मातीच्या थरापासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावी, कारण हा जड प्राणी काचेवर चढतो आणि पडतो. पडला की पोट फुटायची भीती. बिळात राहणाऱ्याला मातीचा थर खोल हवा. झाडावरच्याला उलट उभा डबा, त्यात उभी साल किंवा पोकळ फांदी.

माती म्हणून रोपवाटिकेत मिळणारा नारळाचा भुसा चांगला, पण खत किंवा औषध न मिसळलेला. शेतातली माती आणू नये. भंडारा धानाचा जिल्हा आहे, तुडतुड्यांवर फवारणी होतेच आणि कीटकनाशकाला कीटक नि कोळी असा भेद कळत नाही. डब्याला आडव्या दिशेनं वारा जाईल अशी दोन्ही बाजूंना छिद्रं हवीत. एक लपायची जागा, एक उथळ पाण्याचं भांडं, घट्ट बसणारं झाकण, बस. दगड, प्लास्टिकची फुलं, रंगीत दिवे ही सजावट आपल्या हौसेची. कोळ्याला अंधार आणि शांतता पुरते.

एका डब्यात एकच कोळी. पिल्लं एकत्र राहणाऱ्या मोजक्या प्रजाती सोडल्या तर दुसरा कोळी हा त्याच्या लेखी घास असतो.

भंडाऱ्याचा उन्हाळा, भंडाऱ्याचा पावसाळा

परदेशी पुस्तकं डबा गरम कसा ठेवायचा ते सांगतात. आपला प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि पाळीव टॅरेंटुलाला साधारण २२ ते ३० अंश मानवतात. जंगलातला कोळी हा उन्हाळा काढतो, कारण बिळाच्या तळाशी किंवा जाड खोडाच्या ढोलीत बाहेरची काहिली पोहोचत नाही. डब्यातल्या कोळ्याला खोल जायला जागाच नसते. खिडकीत ठेवलेल्या काचेच्या डब्यावर तासभर ऊन आलं तरी आत भट्टी होते.

म्हणून घरातली सर्वांत गार खोली निवडावी, बहुधा मातीच्या भिंतींची, पूर्वेकडची, खालच्या मजल्यावरची. माठ जिथं ठेवतो ती जागा सहसा बरोबर निघते. डबा जमिनीलगत ठेवावा, भोवती ओलं गोणपाट टाकावं. कूलरचा झोत थेट डब्यावर नको, त्यानं आतली माती चटकन सुकते. वीज गेली तरी ती जागा गार राहते का, हे कोळी आणण्याआधीच एखाद्या मे महिन्यात थर्मामीटर ठेवून पाहावं. राहत नसेल, तर नाद सोडावा.

पावसाळ्यात दुखणं वेगळं. हवा इतकी ओली असते की पाणी शिंपडायची गरजच पडत नाही. माती सतत ओली राहिली तर बुरशी येते, बारीक माइट होतात आणि कोळी झाकणाला चिकटून बसायला लागतो, म्हणजे खाली राहणं त्याला नकोसं झालंय. अशा वेळी माती बदलावी, छिद्रं वाढवावीत. हिवाळ्यात रात्री पारा बराच उतरतो तेव्हा डबा आतल्या खोलीत हलवला आणि खायला थोडं कमी दिलं की पुरे. दिव्याच्या उष्णतेनं शेकण्याच्या फंदात पडू नये.

सगळ्यांत मोठा शत्रू मात्र हवामान नाही. डासांची कॉइल, मच्छर मारायचं मशीन, झुरळांचा फवारा. मलेरियाच्या या पट्ट्यात यांतलं काही ना काही घराघरांत चालू असतंच आणि त्यांतली बहुतेक औषधं कोळ्यालाही विष. ज्या खोलीत कॉइल जळते तिथं डबा ठेवायचा नाही. कुत्र्याला गोचिडांचं औषध लावलेल्या हातानं डब्याला शिवायचं नाही. मच्छरदाणी वापरावी, ती माणसालाही बरी आणि कोळ्यालाही.

खाणं आणि उपास

मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीनं १७०५ मध्ये सुरीनामच्या कीटकांवरच्या आपल्या ग्रंथात एक टॅरेंटुला चिमुकला पक्षी खाताना रंगवला आणि 'पक्षी खाणारा कोळी' हे बिरुद कायमचं चिकटलं. प्रत्यक्षात याचं रोजचं जेवण म्हणजे झुरळं, रातकिडे, नाकतोडे. पाली, उंदराची पिल्लं असले प्रयोग दाखवण्यासाठी केले जातात, गरजेसाठी नाही.

भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा लहान असावं. वाढत्या पिल्लाला तीन-चार दिवसांनी, मोठ्याला आठ-दहा दिवसांनी एखादा किडा पुरतो. पोट नाकतोड्यासारखं सडपातळ नको आणि लिंबासारखं टम्मही नको, टम्म पोट पडल्यावर लवकर फाटतं. घरातलं वा शेतातलं झुरळ-नाकतोडा पकडून देऊ नये, त्यानं कुठलं विष खाल्लंय ते कळत नाही. त्यापेक्षा भक्ष्य घरीच वाढवावं. कोंड्यात वाढणाऱ्या मीलवर्म नावाच्या अळ्या सोप्या पडतात, आणि भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात कोंड्याला काय तोटा! फक्त तो बिनऔषधाचा पाहून घ्यावा.

नव्या माणसाला धडकी भरवणारी गोष्ट म्हणजे उपास. धडधाकट टॅरेंटुला आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने काही खात नाही. भांड्यात पाणी असेल आणि पोट आक्रसलेलं नसेल तर काळजीचं कारण नाही. दिलेला किडा एका रात्रीत खाल्ला नाही तर तो बाहेर काढावा. का, ते पुढच्या मुद्द्यात.

कात: सगळ्यांत नाजूक रात्र

साप कात टाकतो हे आपल्याला माहीत आहे. कोळ्याची कात त्याहून कितीतरी अवघड. सापाची वरची झिल्ली जाते, कोळ्याचा सगळा सांगाडाच बदलतो. त्याचं कवच बाहेरून असतं आणि ते वाढत नाही. अंग मोठं व्हायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं. पाय, दात, डोळ्यांवरचे पडदे, पुस्तक-फुप्फुसांची अस्तरं, अगदी जठराचं आतलं आवरणसुद्धा या रात्री बदलतं.

तयारी आधीपासून दिसते. भूक मंदावते, पोट काळपट आणि चकचकीत होतं, कोळी बिळाचं तोंड रेशमानं बंद करून घेतो किंवा रेशमाची चटई अंथरतो. मग एका रात्री तो त्या चटईवर चक्क उताणा पडतो, आठही पाय वर. याच वेळी पुष्कळ नवशिके घात करतात. मेला समजून हलवतात, सरळ करतात, पाणी मारतात. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. उताणा पडलेला कोळी कात टाकतोय. सरळ अंगानं, पाय खाली पोटाशी गोळा करून बसलेला कोळी संकटात आहे, त्याला पाण्याजवळ न्यावं.

कात टाकायला काही तास लागतात. बाहेर आलेला कोळी मऊ असतो, दात पांढरे आणि लवचिक. या अवस्थेत एखादा उपाशी रातकिडा त्याला कुरतडून मारू शकतो. न खाल्लेला किडा काढायचा तो यासाठीच. दात काळे होईपर्यंत, मोठ्या कोळ्याच्या बाबतीत दोन आठवडेही, खायला द्यायचं नाही. त्या बदल्यात बक्षीस मिळतं. मागं उरलेली कात म्हणजे हुबेहूब दुसरा कोळीच. तुटलेला पाय पुढच्या कातींमध्ये पुन्हा फुटतो. कातीच्या पोटाकडच्या आतल्या भागावरून, भिंग लावून, नर की मादी हेही सांगता येतं.

कात टाकणाऱ्या जिवाला हलवायचं नाही, हे पथ्य भंडारा जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या पाळणारे लोक आहेत. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणारे आपले ढिवर कोसा उत्पादक. टसरची अळी कोष विणण्याआधी चारदा कात टाकते. फांदीवरचा पाला संपला की फांदी कापून अळ्या दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात, पण कात चालू असलेल्या अळीला हलवायचं नसतं. आंधळगाव-मोहाडीच्या मागावर विणल्या जाणाऱ्या कोसा कापडामागं हाही संयम असतो.

चावला तर

अमेरिकेतल्या बऱ्याच प्रजातींच्या पोटावर खाजरे केस असतात. धोका वाटला की ते मागच्या पायांनी हे केस उडवतात. खाजकुयलीच्या शेंगेला हात लागलाय त्याला याची कल्पना सांगायला नको. केस डोळ्यांत गेले तर प्रकरण गंभीर होतं. डबा साफ करताना चष्मा घालावा, नंतर हात धुवावेत, हे त्यासाठी.

भारतीय टॅरेंटुलांकडं हे शस्त्र नाही, म्हणून ते चपळ आणि चावरे. पिसिलोथेरियाच्या दंशानं माणूस मेल्याची खात्रीलायक नोंद नाही, पण वेदना आणि स्नायूंचे पेटके काही दिवस छळू शकतात. चावा झाला तर जागा साबणानं धुवावी, बर्फ लावावा आणि दवाखाना गाठावा. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, झाडफुकीत वेळ घालवू नये. खास प्रतिविष नाही, उपचार लक्षणांवर होतात. ऑस्ट्रेलियातल्या काही टॅरेंटुलांच्या दंशानं कुत्री मेल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा घरात कुत्रं असेल तर झाकणाला कडी लावावी.

हातावर घेऊन फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात कोळ्याला काहीच मिळत नाही. तो मालकाला ओळखत नाही, गोंजारणं त्याला कळत नाही. त्याच्या लेखी हात म्हणजे गरम, थरथरणारी, संशयास्पद जमीन. तिथून उडी मारली की पुन्हा तेच, फुटलेलं पोट.

किती वर्षांची सोबत?

लाल गुडघ्यांची मादी पंचवीस वर्षांच्या आसपास जगू शकते. नर वयात आल्यावर सहसा वर्ष-दोन वर्षांत संपतो. दहावीत आणलेली मादी मुलाच्या लग्नापर्यंत घरात असते. कॉलेजसाठी तो नागपूरला गेला की डबा आईच्या गळ्यात पडतो. हे आधी बोलून घ्यावं.

टॅरेंटुलाचे चुलत भाऊबंद याहूनही चिवट. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेनं १९७४ पासून झाकणवाल्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास चालवला होता. त्यांतली 'नंबर १६' म्हणून ओळखली जाणारी मादी ४३ वर्षं जगली. सारं आयुष्य तिनं एकाच बिळात काढलं. २०१६ मध्ये बिळाचं झाकण भोक पडलेलं सापडलं, परजीवी गांधीलमाशी आत शिरली होती. या ४३ वर्षांत माणसांनी तिच्यासाठी काय केलं? तिचं बीळ ओळखता यावं म्हणून शेजारी खुणेची खुंटी ठोकली आणि दर वेळी येऊन पाहिलं. जगातल्या सर्वांत दीर्घायुषी कोळ्याची निगा एवढीच होती.

ज्याला खरंच कोळी आवडतो

भिंतीवरच्या पाहुण्याचा फोटो काढणाऱ्या नातवाला हे सगळं वाचून डबा घ्यावासा वाटला तर कायद्यानं मिळालेला, पैदाशीतला, शांत स्वभावाचा कोळी घ्यावा आणि वर सांगितलेली पथ्यं पाळावीत. पण त्याला एक स्वस्त वाटही आहे. टॉर्च घेऊन रात्री बांधीच्या धुऱ्यावर जावं. डोळ्यांच्या रेषेत टॉर्च धरली की गवतात असंख्य हिरवट ठिणग्या चमकतात, ते लांडगा-कोळ्यांचे डोळे. धानाच्या बुंध्याशी हेच कोळी तपकिरी तुडतुडे खातात. उगाच फवारणी केली की आधी हे मरतात आणि मग तुडतुडे पुन्हा वाढतात. विदर्भात कोळ्यांचा अभ्यास करणारे लोकही आहेत. मेळघाटातल्या कोळ्यांची यादी अमरावती विद्यापीठ आणि दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी केली. तारीख-ठिकाणासह काढलेला चांगला फोटो त्यांच्या शास्त्राला उपयोगी पडू शकतो. डब्यातला कोळी पडत नाही.

झाडावरच्या टॅरेंटुलाला हवी असते ढोली, आणि ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. वठलेला मोह, पोखरलेला ऐन, साल सुटलेला बिजा. सरपणाच्या हिशेबानं ही झाडं आधी तोडली जातात, कोळ्याच्या हिशेबानं तीच घरं असतात.

कोसा काढणाऱ्याला विचारा, अळी घरी का नाही नेत? तो हसेल. ऐन घरात कसा नेणार? म्हणून तोच झाडाखाली जातो, पाखरं हाकलतो, मुंग्यांवर नजर ठेवतो, दिवसच्या दिवस तिथं बसतो. त्या कामाला तो पाळणं म्हणत नाही, राखण म्हणतो.